वार क्रमांक एकतीस

कर्जतच्या एका प्रसूतिगृहाच्या पायरीवर मी जितके तास बसलो आहे, तितके माझ्या स्वतःच्या दोन मुलांच्या वेळी मिळूनही बसलो नसेन. मांडीवर बर्फाचा डबा, डब्याला दोरी, आणि आतून कुणाचं तरी "आई गं" ऐकू आलं की मी घड्याळ बघायचो. बाहेर येरझाऱ्या घालणाऱ्या बापांना मी कोण हे कधीच कळायचं नाही. एकाला मुलगा झाला तेव्हा तो आनंदानं धावत आला आणि त्यानं माझ्याकडे सहा कुल्फ्या मागितल्या.

"कुल्फी नाही," मी म्हणालो.

"मंग डबा कशाला घेऊन बसलाव?" तो चिडून म्हणाला. याचं खरं उत्तर दिलं असतं तर त्यानं मला तिथंच बडवलं असतं.

डब्यातून मी वार न्यायचो. बाळ जन्मल्यावर पाठोपाठ पडते ती, नाळेच्या दुसऱ्या टोकाची वार. खालापूर तालुक्यात, कुंभिवलीच्या बाजूला, हमरस्त्यापासून थोडी आत एका औषध कंपनीची प्रयोगशाळा होती. तिथं मी तंत्रज्ञ होतो. आमच्या विभागात माणसं दोनच, डॉक्टर कुमुदबाई आणि मी. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. बाई पुण्याच्या, परदेशात शिकून आलेल्या, बोलायला तिखट आणि मनानं साखर. मला त्या "जाधव" म्हणायच्या आणि रागावल्या की "जाधवसाहेब".

आता या वारेचं आम्ही काय करायचो ते सांगतो. आपलं शरीर म्हणजे अगणित पेशी. प्रत्येक पेशीला कुणीतरी सांगावं लागतं, आता वाढ, आता एकाच्या दोन हो. हा निरोप बाहेरून येतो, पण निरोप्याला आत प्रवेश नसतो, तो दारातच थांबतो. म्हणून पेशीच्या पातळ कातडीत एक रेणू आरपार बसवलेला असतो. त्याचा कान बाहेर आणि हात आत. कानावर निरोप पडला की आतला हात हलतो आणि भोवतालच्या प्रथिनांना फॉस्फेटची टिकली लावत सुटतो. एक टिकली तो स्वतःलाही लावून घेतो. टिकली लागलेली प्रथिनं कामाला लागतात आणि पेशी वाढते. या सबंध रेणूला रिसेप्टर म्हणतात आणि त्याच्या हाताला कायनेज. टिकली टायरोसीन नावाच्या ठरावीक जागीच लागते, म्हणून पूर्ण नाव टायरोसीन कायनेज. नाव जिभेला जड आहे, पण काम हळदीकुंकवाइतकं सरळ.

बिघडलं म्हणजे मात्र फार बिघडतं. कधी पेशीला नको तितके कान फुटतात. कधी कान तुटून पडतो आणि हात एकटाच, कुणी न सांगता, टिकल्या लावत बसतो. मग पेशी वाढतच राहतात. काही गाठींचं मूळ इथं असावं, असं परदेशी नियतकालिकांत तेव्हा नुकतंच छापून येऊ लागलं होतं. कुमुदबाईंचं म्हणणं असं, की हा कान आपल्या हातात शुद्ध स्वरूपात आला तर त्यात बोळा कसा घालायचा आणि हात कसा धरायचा हे पुढं शोधता येईल. आणि हे कान सगळ्यांत जास्त मिळायचे कुठं, तर वारेत. साहजिकच आहे. नऊ महिन्यांत कणाची अर्धा किलो होणारी वस्तू ती, वाढीचे निरोप तिच्याइतके कोण ऐकणार? शिवाय लोकांना वाटतं वार आईची. तिचा कामाचा बराचसा भाग बाळाचाच असतो, बाळाच्याच पेशींचा.

मला या नोकरीत एक गंमत वाटायची, ती मी बाईंनाही बरेच दिवस सांगितली नव्हती. माझी आई सोनूबाई, कळंबच्या बाजूच्या आमच्या वाडीतली सुईण. पंचक्रोशीतल्या बायकांची बाळंतपणं तिनं केली आणि त्यांच्या घरच्या नाळा, वारा तिनंच पुरल्या. ते काम आमच्या जातीकडे असायचं. बाळंतीण सुटेपर्यंत तिला घरात घ्यायचे आणि सुटली की भाकरी अंगणात. धर्मांतराच्या वर्षी बाप म्हणाला, ही कामं बंद. आई मुकाट्यानं थांबली. मी शिकावं, पांढऱ्या कपड्यात काम करावं, एवढंच त्याला हवं होतं. मी शिकलो, पांढरा कोट मिळाला, आणि पहिल्याच आठवड्यात कंपनीनं माझ्या हातात वार दिली. आईला सांगितलं तेव्हा ती पोट धरून हसली. "बापाला सांगू नको रं," एवढंच म्हणाली.

कामाची रीत अशी. वार बर्फातून आणायची, अर्ध्या तासाच्या आत बर्फात पडलेली हवी. मग कात्रीनं नाळ आणि पापुद्रे कापून टाकायचे, कारण आम्हाला हवा तो मधला स्पंजासारखा भाग. तो गार मिठाच्या पाण्यात धुवायचा, खिम्याच्या यंत्रातून काढायचा, मलमलीतून गाळायचा, आणि सेंट्रिफ्यूज नावाच्या यंत्रात गरगरा फिरवायचा. तळाशी गुलाबी लगदा बसतो, त्यात पेशींच्या कातड्या. तो छोट्या नळ्यांत भरून गोठवायचा. टाकाऊ भाग भट्टीत जाळायचा, हा नियम भिंतीवर लिहिलेला होता.

तो नियम मी एकदाही पाळला नाही. सुईणीच्या पोटचा असून नाळ भट्टीत टाकायची, हे माझ्या हातून होईना. मागच्या कुंपणाशी जांभळाचं झाड होतं. त्याच्या मुळाशी मी प्रत्येक नाळ सुगडात घालून, मीठ-हळद लावून, चिमूटभर तांदूळ टाकून पुरायचो, आईनं शिकवलं तसं. वर नमुन्याच्या बाटलीला लावतो तसली पत्र्याची चकती, क्रमांक टाकून. का टाकला क्रमांक? तंत्रज्ञाला सवयच असते. मी घरी लोणच्याच्या बरण्यांवरही तारीख घालतो.

वर्षभरात तीस वारा झाल्या आणि तीसही फुकट गेल्या. परीक्षा अशी असायची: लगद्यात वाढीचा निरोप टाकायचा. हा निरोप म्हणजे उंदराच्या लाळग्रंथीतून काढलेलं प्रथिन, परदेशाहून आलेल्या इवल्याशा कुपीतलं. सोबत किरणोत्सारी फॉस्फरस, म्हणजे टिकल्या कुठं लागल्या ते कळावं. मग सगळी प्रथिनं जेल नावाच्या लिबलिबीत थरात आकारानुसार पांगवून त्यावर एक्स-रेची फिल्म ठेवायची. कान जिवंत असेल तर फिल्मवर ठरलेल्या जागी काळी पट्टी उमटते. आमच्या फिल्म कोऱ्या यायच्या. फार तर खाली कुठंतरी धूसर डाग. बाई फिल्म उजेडाकडे धरायच्या, खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "जाधवसाहेब, चहा सांगा." मुंबईच्या मोठ्या साहेबांचं पत्र आलं होतं, दिवाळीनंतर येतो, काही दाखवण्यासारखं असेल तर विभाग चालू, नाहीतर बंद.

प्रसूतिगृहात वार माझ्या हाती द्यायच्या त्या पार्वतीमावशी. आयाबाई, साठीच्या, स्वच्छतेच्या इतक्या भोक्त्या की डॉक्टरही चपला बाहेर काढायचे. दिवाळीच्या आधी त्या पुतणीच्या बाळंतपणाला माथेरानला गेल्या आणि बदली म्हणून एक नवी बाई आली. त्या आठवड्यात सोमवारी सकाळी एक वार पडली. नव्या बाईनं ती मला तशीच, रक्ताची, गरम, डब्यात टाकून दिली. क्रमांक एकतीस. मी स्कूटर पळवली. दुपारी लगदा गोठला, मंगळवारी प्रयोग झाला, बुधवारी फिल्म लावून पेटी फ्रीजरमध्ये ठेवली. यावेळी तीन दिवस थांबायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी दारात टेंपो थांबला आणि त्यातून एक म्हातारी उतरली. नऊवारीचा काष्टा, कपाळावर आडवं कुंकू. पहारेकऱ्याला तिनं बाजूला केलं आणि सरळ आत आली.

"वार न्येनारा कोन?"

मी पुढं झालो. तिनं मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"माजी वार कुटं हाय? सोमवारची. कळंबच्या सुमनची. मी सासू तिची, ठकू."

पाठोपाठ बाकीचं आलं. आधीची दोन नातवंडं गेली होती. एक पाचव्या दिवशी, एक बाराव्याच्या आत. दोघांची वार इस्पितळानं कुठं टाकली ते कळलंच नव्हतं. म्हणून तिसऱ्या वेळी ठकूआजीनं बजावून ठेवलं होतं, की वार मी घरी नेणार. पार्वतीमावशीला सांगितलं होतं, नव्या बाईला कोण सांगणार? सुनेला इस्पितळातून घरी सोडलं तेव्हा चौकशी केली, तर वार कंपनीत गेलेली.

"आज पाचवा दिस," आजी म्हणाली. "सांजंला पाचवीची पूजा. त्याच्या आदी ती माज्या न्हाणीपाशी पुरायची. पोरगी हाय, पन मला ती जगलेली पायजे. द्या."

शेवटच्या शब्दाला तिचा आवाज फाटला. वर्षभर मी वारा नेत होतो, पण ही कुणाची, तिला विचारलंय का, हा प्रश्न मी कधी केलाच नव्हता. कुमुदबाईंनीही नव्हता. आम्ही शिकलेली माणसं. नंतर कळलं की विचारायच्या त्या एकट्या पार्वतीमावशी. ज्या घरातून हो म्हणत त्यांचीच वार त्या आम्हाला देत.

कुमुदबाई फ्रीजरपाशी गेल्या. आतून नळ्यांचा खोका काढून टेबलावर ठेवला. एकतीसचा उरलेला सगळा लगदा त्यात होता. फिल्म कोरी निघाली असती तर पुन्हा करून बघायला तेवढाच आधार, आणि साहेब दहा दिवसांवर.

"आजी, चूक आमची आहे," बाई म्हणाल्या. "तुमची वस्तू, तुम्ही न्या."

"बाई, फिल्म अजून..." मी कुजबुजलो.

"जाधव, आजींची वस्तू आहे ती."

आजीनं एक नळी उचलून उजेडाकडे धरली. "ही वार? येवढीशी? काय केलं तुमी हिचं?"

मी सांगितलं. कान, हात, टिकली, गाठ, सगळं, आईशी बोलतो तसं. ती ऐकत राहिली. मग नळी खाली न ठेवता म्हणाली, "माज्या भनीला छातीत गाठ झाली व्हती. लपवली तिनं. फुटली तवा कळलं. तिला ह्याच्यानं वाचवलं असतं का रं?"

"नाही आजी. आज नाही. पुढं कधीतरी, कुणाची तरी बहीण."

आजीनं नळी खोक्यात अगदी हलक्या हातानं ठेवली. "मंग ह्ये ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. मी देते. पन नाळ माजी. नाळ तरी हाय का जाळलीत?"

कुमुदबाईंचा चेहरा पडला. नियम त्यांनीच भिंतीवर लावला होता. त्या काही बोलायच्या आत मी म्हणालो, "आहे. पुरलीय. मागं."

"काय?" दोघी एकदम म्हणाल्या.

जांभळाखाली त्या एकतीस चकत्या बघून बाई कमरेवर हात ठेवून उभ्याच राहिल्या. मी उकिडवा बसून एकतीस क्रमांकाची माती उकरली. सुगड निघालं. आजीनं झाकण उघडलं, मीठ, हळद, तांदूळ बघितले आणि माझ्याकडे वळली.

"ही रीत तुला कुनी शिकवली? कुनाचा रं तू?"

"सोनूबाईचा. सुईण सोनूबाई."

"आगं बया!" तिनं सुगड छातीशी धरलं. "सोनीचा पोर व्हय तू? आरं, माजा बाबू तिनंच सोडवला. पायाळू व्हता, दोन दिस अडलेली मी. ती नसती तर ना मी ना बाबू." मग डोळे पुसून म्हणाली, "तिच्या लेकाच्या हातानं पुरली म्हंजे नीटच पुरली. चल, आता न्हेऊन पोचव मला."

माझ्या स्कूटरवर मागं बसून, मांडीवर सुगड धरून, ठकूआजी कुंभिवलीहून कळंबला गेली. वाटेत दोनदा मला थांबवलं. एकदा पळसदरीपाशी पाणी प्यायला आणि एकदा नेरळच्या बाजारात पूजेची केळी आणि नारळ घ्यायला. मी घाई करा म्हणालो तर म्हणाली, "गप. पोर जगनार हाय आता." न्हाणीजवळ खड्डा तयारच होता. बाबू, म्हणजे आजीचा मुलगा, काळाकभिन्न उंच गडी, कुदळ धरून उभा होता. त्यानं मला बघून हात जोडले. मी लाजलो, कारण सगळा घोळ माझाच होता.

शनिवारी दुपारी आम्ही डार्करूममध्ये फिल्म धुतली. लाल दिव्यात काही कळेना. बाहेर येऊन बाईंनी ती खिडकीकडे धरली. डाव्या बाजूला निरोप न दिलेला लगदा: तिथं पुसट रेघ. उजव्या बाजूला निरोप दिलेला: तिथं नेमक्या जागी, ठसठशीत, काळी पट्टी. वारेतला कान जिवंत होता. त्यानं निरोप ऐकला होता आणि टिकली लावून घेतली होती. कुमुदबाईंनी माझे दोन्ही खांदे धरून मला गदागदा हलवलं. इतक्या मोठ्या बाईला रडता रडता नाचताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

पण हीच का जमली? उत्तर माथेरानहून परत आलं. मी पार्वतीमावशींना सहज विचारलं, "मावशी, वार तुम्ही कशी देता हो आम्हाला?"

"कशी म्हंजे? रक्तानं माखलेली तशीच देऊ व्हय? तुमी येवडी शिकलेली मानसं. बंबातल्या उकळत्या पान्यानं तीनदा धुवून देते, बाळाची दुपटी धुते तसल्या."

तीस वारा! तीसही त्यांनी आमच्या मानापानासाठी उकडून दिल्या होत्या. प्रथिनाचा कान अशा पाण्यात एक मिनिटही टिकत नाही. मी बर्फाच्या डब्यासह पायरीवर बसायचो आणि आत बंब पेटलेला. कुमुदबाईंना सांगितलं तेव्हा त्या टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मावशींना कुणी रागावलं नाही. त्यांनी आयुष्यात कुणाला अस्वच्छ वस्तू दिली नव्हती, आणि आम्ही कधी नको म्हटलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही रीत बदलली. प्रसूतीच्या आधी मावशी आणि मी बायकांना विचारायचो, वार द्याल का, कशासाठी ते सांगायचो. बहुतेक जणी हो म्हणायच्या. अट एकच, नाळ परत. मग मी सकाळी डबा घेऊन यायचो आणि संध्याकाळी सुगडं वाटत फिरायचो. कर्जत-खालापूरच्या किती न्हाण्यांपाशी मी उभा राहिलो आणि किती घरांत मला गूळ-खोबरं मिळालं, याचा हिशेब नाही. साहेब आले, पट्टी बघून गेले, विभाग काही वर्षं चालला. पुढं तो बंद झालाच. आम्ही शोधायच्या आत जगात इतरांनी बरंच शोधून काढलं होतं, हे मनाला अजून लागतं. पण कानात बोळा घालणारी आणि हात धरून ठेवणारी औषधं पुढं खरोखरच निघाली. ती घेऊन बरी झालेली एक बाई आमच्या आळीतच राहते. तिला बघितलं की मला आमच्या खिम्याच्या यंत्राचा अभिमान वाटतो, मग कुणी हसो.

आता बाराव्या दिवसाचं सांगून थांबतो. ठकूआजीचं बोलावणं आलं होतं, बारशाला या आणि आईला आणा. आई तयार होईना. ज्या घराच्या अंगणात भाकरी खाल्ली तिथं कसं जायचं, असं तिच्या मनात. मी आग्रह केला. कुमुदबाई गाडी घेऊन आल्या तेव्हा कुठं ती निघाली. दारात ठकूआजीनं तिचा हात धरला आणि थेट आत नेऊन पाळण्याशेजारी पाटावर बसवलं. ताट तिथंच वाढलं. आईनं बारा दिवसांची ती मुलगी मांडीवर घेतली, पायाचे तळवे दाबून बघितले, आणि मान हलवली.

सगळ्यांनी आपापलं काही दिलं. कुणी झबलं, कुणी वाळे. कुमुदबाईंनी पिशवीतून ती फिल्म काढली.

"आजी, ही तुमच्या नातीची. आमच्याकडे दुसरी प्रत आहे. ही पट्टी दिसते ना, तो तिचाच कान. तिनं निरोप ऐकला तेव्हाचा. जगात कुणी तिचा काढलेला पहिला फोटो म्हणा हवं तर."

ठकूआजीनं फिल्म दोन्ही हातांनी दारातल्या उजेडाकडे धरली. त्या कोऱ्या पारदर्शक कागदावर एकच आडवी काळी पट्टी. तिनं ती निरखली, मग दाराशी उभ्या असलेल्या बाबूकडे बघितलं, मग पुन्हा पट्टीकडे.

"बापावर गेलीय," ती म्हणाली.

हसू इतकं फुटलं की माझ्या आईच्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं, आणि ते रडणं खणखणीत होतं. माझी आई पाटावरून फिल्मकडे वाकली. डोळे बारीक करून तिनं ती पट्टी बघितली.

"खरं हाय," आई म्हणाली. "मीच सोडवला व्हता त्याला. असाच व्हता."